रॅम दुप्पट केली, आणि सर्व्हर आणखी लवकर पडू लागला

मशीन जुनं होतं, पण धडधाकट. दोन सॉकेट, १६ जीबी रॅम आणि त्यावर ३२-बिट लिनक्स. प्रोसेसर ६४-बिटचा असताना ३२-बिट कशासाठी, हे पहिल्याच दिवशी मीही विचारलं. उत्तर नेहमीचंच होतं: हिशेबाचा एक प्रोग्राम, त्याचा सोर्स कोणाकडेच नाही, लिहिणारे केव्हाच निघून गेलेले, हातात फक्त ३२-बिट बायनरी, म्हणजे तयार चालणारी फाइल. त्याला हात लावायचा नाही, ही अट. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मात्र आमचा आम्ही कंपाइल करत होतो, आवृत्ती २.६.३२.

पहिली तक्रार साधी होती. "१६ जीबी बसवलेत, मग फ्री कमांड तीनच का दाखवते?" बायोसमध्ये १६ दिसत होते, म्हणजे पट्ट्या नीट बसल्या होत्या. डीमेसेजचा लॉग, म्हणजे कर्नलच्या संदेशांची नोंद, अगदी वरून वाचायला घेतला, तर कर्नलने बूट होतानाच उत्तर देऊन ठेवलेलं: फक्त ४ जीबी वापरले जातील, हायमेम६४जी चालू असलेला कर्नल वापरा. ही ओळ दर बूटला छापली जात होती. आमच्यापैकी कोणीही ती कधी वाचली नव्हती.

चार म्हटले आणि तीनच दिसले, कारण ४ जीबीच्या खालचा पत्त्यांचा एक मोठा पट्टा पीसीआय उपकरणांसाठी राखीव असतो. त्या पट्ट्याखाली झाकली गेलेली रॅम बायोस उचलून ४ जीबीच्या वर नेऊन ठेवतो, आणि ४ जीबीच्या वर आमच्या कर्नलचा हात पोहोचत नव्हता.

मेन्यूकन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलचे पर्याय निवडायच्या मेन्यूत, प्रोसेसरच्या विभागात हाय मेमरी सपोर्ट नावाची निवड असते. तिथे तीन पर्याय: बंद, ४ जीबी, ६४ जीबी. बंद ठेवलं तर ९०० एमबीच्या आतबाहेरच रॅम वापरता येते. ४ जीबी हा आमचा तेव्हाचा पर्याय होता. ६४ जीबी (लॉगमधलं हायमेम६४जी हेच) निवडलं की पीएई, म्हणजे मोठ्या भौतिक पत्त्यांची सोय, चालू होतं, पेज टेबल (आभासी पत्ता रॅममध्ये कुठे आहे हे सांगणारा तक्ता) दोनाऐवजी तीन पातळ्यांचं होतं, त्यातली प्रत्येक नोंद ४ बाइटऐवजी ८ बाइटची होते आणि भौतिक पत्ता ३६ बिटांचा. ३६ बिट म्हणजे ६४ जीबी, म्हणून ते नाव. ही सोय इंटेलने १९९५च्या पेंटियम प्रोपासून दिली आहे, त्यामुळे प्रोसेसर नाही म्हणण्याचा प्रश्न नव्हता. तरी प्रॉक खालच्या सीपीयूइन्फोमध्ये पीएई हा फ्लॅग आहे ना, ते बघून घेतलं. कंपाइल केलं, बूट केलं, १६ जीबी दिसले. शाबासकी मिळाली.

इथपर्यंतची गोष्ट एका दुपारची. पुढची दीड महिन्याची.

रात्रीचे बळी

साधारण दोन आठवड्यांनी एका सकाळी रात्रीचं काम अर्धवट पडलेलं आढळलं. लॉगमध्ये ओओएम किलरची नोंद होती: मेमरी संपली म्हणून कर्नलने हिशेबाच्या प्रोग्रामच्या तीन प्रोसेस मारल्या. त्याच नोंदीत खाली झोनवार, म्हणजे रॅमच्या भागांप्रमाणे, तपशील छापलेला असतो. तो असा होता:

नॉर्मल झोन: मोकळी सुमारे साडेतीन एमबी, किमान मर्यादेच्याही खाली, आणि पुढे शेरा की इथून आता काहीही परत मिळण्यासारखं नाही.
हायमेम झोन: मोकळी ९ जीबीच्या वर.

नऊ जीबी मोकळे असताना मेमरी संपली! मीटिंगमध्ये यातला वरचा भागच वाचून दाखवला गेला. मेमरी कमी पडली ना, मग वाढवा. खरं सांगायचं तर मीही मान डोलावली. मोकळी ९ जीबी ही ओळ मला खटकली होती, पण रॅम वाढवून नुकसान ते काय होणार, असं वाटलं. आणखी १६ जीबी आले, एकूण ३२ झाले.

आधी आठवड्यातून एखाद-दुसऱ्या रात्री व्हायचं, ते आता रोज होऊ लागलं. आणि पहाटे तीनला नव्हे, मध्यरात्र उलटताच.

तेव्हा कुठे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हे रॅम मागवण्याआधी करायला हवं होतं.

लोमेमचा हिशेब

पीएईने भौतिक पत्ता मोठा होतो, आभासी पत्ता ३२ बिटांचाच राहतो. म्हणजे कोणत्याही क्षणी समोर ४ जीबीचीच जागा. तिच्यातले खालचे ३ जीबी चालू प्रोसेसचे, वरचा १ जीबी कर्नलचा. त्या १ जीबीतले १२८ एमबी व्हीमॅलॉक (कर्नलचं एक वेगळं मेमरी-वाटप) आणि तात्पुरत्या मॅपिंगसाठी बाजूला काढलेले. उरले ८९६. रॅमचे पहिले ८९६ एमबी इथे कायमचे मॅप केलेले असतात, त्याला लोमेम म्हणतात (लॉगमधला नॉर्मल झोन मुख्यतः हाच). बाकी सगळी रॅम हायमेम. तिथलं एखादं पेज कर्नलला हवं असेल तर आधी ते तात्पुरतं मॅप करायचं, काम उरकायचं आणि सोडून द्यायचं.

प्रोसेसचा डेटा आणि फाइलींचा पेज कॅश (वाचलेल्या फाइलींची रॅममधली प्रत) हायमेममध्ये खुशाल राहतो. पण कर्नलच्या स्वतःच्या वस्तू, म्हणजे आयनोड (फाइलीची माहिती), डेंट्री (फाइलीच्या नावाची नोंद), प्रत्येक प्रोसेसचा कर्नल स्टॅक, नेटवर्कचे बफर, या कायम हाताशी लागतात म्हणून लोमेममध्येच मावाव्या लागतात. पेज टेबलही, वेगळं सांगितलं नाही तर, तिथेच. मशीनमध्ये १६ जीबी असोत की ३२, या सगळ्यांसाठी जागा तीच ८९६ एमबीची.

आणि तीसुद्धा पूर्ण नाही. रॅमच्या प्रत्येक ४ केबी पेजसाठी कर्नल एक छोटी नोंद ठेवतो. आमच्या कर्नलमध्ये ती ३२ बाइटची होती. या नोंदींची वही बूट होतानाच लोमेममध्ये मांडली जाते. १६ जीबी म्हणजे ४१,९४,३०४ पेज, वही १२८ एमबीची. ३२ जीबीला २५६. कोणी हौसेने ६४ जीबी घातले तर ५१२, म्हणजे निम्म्याहून जास्त लोमेम नुसत्या वहीतच गेली. गोदाम वाढवलं, पण नोंदवह्या ठेवायचं टेबल तेवढंच. पोती जितकी जास्त तितक्या वह्या जाड, आणि टेबलावर काम करायला जागा तितकी कमी.

आमचा आकडा ताडून बघितला. प्रॉक खालच्या मेमइन्फोमध्ये लोटोटल, म्हणजे एकूण लोमेम, अशी ओळ असते. ३२ जीबीवर ती ६०० एमबीच्या आसपास होती. बूटच्या वेळी mem=१६जी असं सांगून निम्मी रॅम कर्नलपासून लपवली तर तीच ओळ ७३०च्या आसपास. (हीच युक्ती मग तात्पुरता इलाज म्हणून ठेवली. महागाची १६ जीबी रॅम मशीनमध्ये बसून होती आणि आम्ही कर्नलला तिच्याकडे बघू नकोस म्हणत होतो. खरेदीला होकार देणाऱ्यांना हे समजावताना माझी जी तारांबळ उडाली ती वेगळीच.)

आता उरलेली जागा कोण खातं? मेमइन्फोतल्या पेजटेबल्स आणि स्लॅब (कर्नलच्या छोट्या वस्तूंचा साठा) या दोन ओळी दर मिनिटाला लिहून ठेवणारी चार ओळींची स्क्रिप्ट रात्रभर चालवली. सकाळी तिचा आलेख बघितल्यावर फारसं डोकं चालवायची गरज राहिली नाही.

हिशेबाचा प्रोग्राम सुरू होताना शेअर्ड मेमरीचा १ जीबीचा एक तुकडा घेतो आणि त्याच्या सगळ्या प्रोसेस तो तुकडा जोडून घेतात. डेटा एकच, रॅममध्ये एकदाच. पण पेज टेबल मात्र प्रत्येक प्रोसेसचं स्वतंत्र. १ जीबी म्हणजे २,६२,१४४ पेज, पीएईमुळे प्रत्येक नोंद ८ बाइटची, म्हणजे प्रोसेसमागे २ एमबी. दिवसा नव्वदेक प्रोसेस असत आणि त्या तुकड्याचा थोडाच भाग चाळत. ज्या पेजला हात लागत नाही त्याची नोंद भरली जात नाही, म्हणून दिवसा सगळं शांत. रात्री १७० प्रोसेस सुरू होऊन अख्खा तुकडा या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचत. १७० गुणिले २, म्हणजे ३४० एमबी. हे स्वॅप होत नाही, डिस्कवर ढकलता येत नाही. प्रोसेस मरेपर्यंत लोमेममध्ये ठाण मांडून बसतं.

त्याच वेळी बॅकअप सुरू व्हायचा. लाखो छोट्या फाइली; प्रत्येक फाइलीला एक आयनोड आणि एक डेंट्री. आमच्या ईएक्सटी३ फाइल सिस्टिमचा आयनोड अर्ध्या केबीच्या आसपास. स्लॅब ३०० एमबीवर पोहोचायचा. सिद्धान्ताप्रमाणे हा कॅश आहे, गरज पडली की कर्नलने तो सोडून द्यावा. अडचण अशी की ज्या आयनोडच्या फाइलीची पेज हायमेमच्या कॅशमध्ये पडून असतात, तो आयनोड सहजासहजी सुटत नाही. आणि हायमेममध्ये तर मुबलक जागा, तिथली पेज काढायची कोणाला घाई? हायमेमची श्रीमंती अशी लोमेमला अडकवून ठेवते.

३४० अधिक ३००, वर स्टॅक आणि बाकीचं किडूकमिडूक ४०. झाले ६८०. ७३०मध्ये हे जेमतेम बसतं, कधी बसतं कधी नाही. ६००मध्ये बसण्याचा प्रश्नच नाही. रॅम वाढवल्यावर रोज का पडू लागलं आणि लवकर का, दोन्हींचं उत्तर या बेरजेत होतं. ओओएम किलरने नेमक्या हिशेबाच्याच प्रोसेस का मारल्या, तेही: त्या काळचा कर्नल बळी निवडताना प्रोसेसचा एकूण आभासी आकार बघायचा, आणि १ जीबी जोडून बसलेल्या या प्रोसेस सगळ्यांत मोठ्या दिसायच्या. गंमत म्हणजे एक मेली की तिचं २ एमबीचं पेज टेबल सुटायचं, थोडा वेळ सगळं सुरळीत, मग पुढचा बळी.

काय काय करून बघितलं

लोमेम रिझर्व्ह रेशोचं बटण सगळ्यात आधी फिरवलं, कारण जो तो तेच सांगतो. उपयोग शून्य. हे बटण एवढंच बघतं की जी मागणी हायमेममध्ये भागू शकते तिने लोमेम खाऊ नये. मूळच्या सेटिंगमध्येच हायमेमच्या बत्तिसाव्या भागाइतकी लोमेम अशी राखलेली असते. आमच्याकडे ३१ जीबी हायमेम, म्हणजे राखीव आकडा अख्ख्या लोमेमपेक्षाही मोठा. बाहेरचं कोणी आत येतच नव्हतं. जागा खात होता तो घरचाच माणूस.

व्हीएफएस कॅश प्रेशर (आयनोड-डेंट्रीचा कॅश किती नेटाने सोडायचा हे सेटिंग) १००वरून वाढवलं, त्याने आयनोड जरा लवकर सुटू लागले. बॅकअप चालू असताना दर दहा मिनिटांनी ड्रॉप कॅशेसमध्ये २ लिहिणारी, म्हणजे हाच कॅश सोडायला लावणारी, ओळही क्रॉनच्या वेळापत्रकात टाकली. मला ती ओळ आवडत नाही, असली ओळ दिसली की मागे काहीतरी झाकलंय हे समजावं. पण त्या आठवड्यात तिनेच रात्री निभावल्या.

मग कन्फिगमधली मेमरी स्प्लिट. ३ आणि १ ऐवजी २ आणि २ केलं की कर्नलला दुप्पट जागा मिळते, लोमेम पावणेदोन जीबीच्या वर जाते. पीएईसोबत ही वाटणी पूर्ण जीबीतच करता येते, अधलेमधले पर्याय मेन्यूत दिसतच नाहीत, आणि २-२ आम्हाला चालण्यासारखं होतं. कंपाइल केलं, दोन रात्री सुखाच्या गेल्या. तिसऱ्या दिवशी महिनाअखेरीचा अहवाल सुरू होताच बंद पडला. त्या एका प्रोसेसला स्वतःचे १.३ जीबी लागतात, वर शेअर्ड तुकडा १ जीबी. बेरीज २.३, आणि आम्ही तिला २ जीबीच ठेवले होते. कर्नलला दिलेली जागा प्रोसेसच्या ताटातून काढलेली असते, हे कन्फिग बदलताना माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं.

शेवटी हायपीटीई. हा पर्याय चालू केला की पेज टेबलची खालची पातळी हायमेममध्ये जाते. ३४० एमबीचा डोंगर एका फटक्यात लोमेमबाहेर. mem=१६जी काढून टाकलं, पूर्ण ३२ जीबी चालू केले, सर्व्हर उभा राहिला. किंमत एवढीच की पेज टेबलला हात लावायचा म्हटलं की कर्नलला दर वेळी ते आधी मॅप करावं लागतं, त्यामुळे नवीन प्रोसेस सुरू होणं आणि पेज फॉल्ट (नोंद न भरलेल्या पेजला हात लागणं) थोडे मंदावतात. रात्रीचं काम जाणवेल इतकं लांबलं, पण सकाळपर्यंत संपायचं.

इथे थांबता आलं असतं. थांबलो नाही, कारण बॅकअपमधल्या फाइली वाढतच होत्या आणि अधूनमधून एक वेगळीच नोंद दिसू लागली: ऑर्डर १ची, म्हणजे सलग दोन पेजांची, मागणी भागली नाही. प्रत्येक नव्या प्रोसेसच्या कर्नल स्टॅकला सलग ८ केबी लागतात, तेही लोमेममध्ये. मोकळी लोमेम होती, पण सुट्या सुट्या पेजांची. सलग दोन मिळेनात.

वरचा मजला बदलायचा नाही, पाया बदलायचा

अट बायनरीबद्दल होती, कर्नलबद्दल नव्हती. सीपीयूइन्फोमध्ये एलएम हा फ्लॅग पहिल्या दिवसापासून होता, म्हणजे प्रोसेसर ६४-बिट. २००३मध्ये एएमडीच्या ऑप्टेरॉनबरोबर हा ६४-बिट सूचनासंच बाजारात आला, तेव्हापासून ६४-बिट कर्नलवर ३२-बिट प्रोग्राम चालवण्याची सोय आहेच. कन्फिगमध्ये आयए३२ इम्युलेशन चालू ठेवायचं. वरचं सगळं ३२-बिट वितरण जसंच्या तसं, फक्त कर्नल आणि त्याची मॉड्यूल ६४-बिट.

दुसऱ्या ६४-बिट मशीनवर कंपाइल करून इथे आणला. जुना कर्नल बूटलोडरच्या यादीत दुसरा ठेवला. बूट झाल्यावर हायमेम हा शब्दच कुठे उरला नाही. अख्खी ३२ जीबी कर्नलला थेट मॅप. पेजमागची नोंद ६४-बिटमध्ये जवळपास दुपटीने फुगते, वही अर्ध्या जीबीच्या घरात जाते, पण ३२ जीबीत अर्धा जीबी गेला तर गेला. वरून एक फायदा असा की ३२-बिट प्रोसेसला आता ३ ऐवजी जवळजवळ पूर्ण ४ जीबी मिळतात, कारण कर्नल तिच्या जागेतून बाहेर पडला. महिनाअखेरीचा अहवाल निमूटपणे पूर्ण झाला.

कुरबुरी झाल्या. मशीनचा प्रकार सांगणारी यूनेम कमांड आता x८६_६४ सांगू लागल्याने दोन इन्स्टॉल स्क्रिप्ट गोंधळल्या. त्यांना लिनक्स३२ या, ३२-बिट भासवणाऱ्या, कमांडच्या आडून चालवलं. डिस्क सांभाळणाऱ्या रेड (RAID) कार्डावर नजर ठेवणारं ३२-बिटचं छोटं टूल मुकं झालं, त्याच्या ड्रायव्हरशी बोलणाऱ्या आयओकंट्रोल कॉलचं भाषांतर ड्रायव्हरमध्ये नव्हतं. त्याची ६४-बिट आवृत्ती शोधावी लागली.

खरा धक्का वेगळ्याच बाजूने बसला. मोठी फाइल कॉपी केली की सर्व्हर मध्येच अर्धा-अर्धा मिनिट गोठल्यासारखा व्हायचा. ३२-बिटवर हे कधी झालं नव्हतं. कारण डर्टी रेशोत होतं. डिस्कवर न लिहिलेला डेटा किती साठू द्यायचा हे कर्नल टक्क्यांत ठरवतो, मूळ सेटिंग २० टक्के. ३२-बिट कर्नल हे टक्के हायमेम वगळून फक्त लोमेमवर काढतो, म्हणजे आमच्याकडे शंभर-सव्वाशे एमबी. ६४-बिटवर तेच २० टक्के जवळपास सगळ्या रॅमवर लागू झाले, म्हणजे ६ जीबीपर्यंत. एवढा ढीग साठेपर्यंत सगळं वेगात, आणि मग तो डिस्कवर उतरवताना बाकी सगळे ताटकळत. टक्के सोडून डर्टी बाइट्समध्ये ठरावीक आकडे दिले, पार्श्वभूमीवर लिहायला ६४ एमबी आणि कमाल २५६ एमबी. गोठणं बंद झालं. जुना आकडा कोणी विचारपूर्वक ठरवलेला नव्हता, लोमेमच्या तुटवड्यामुळे तो आपोआपच सोयीचा पडला होता.

हायपीटीई आणि हायमेम६४जी हे दोन्ही पर्याय आता मूळ कर्नलमध्येही उरलेले नाहीत; २०२५च्या ६.१५ आवृत्तीत ते x८६मधून काढून टाकले.

बदल केल्याच्या तिसऱ्या रात्री दोन वाजता फोन वाजला. देखरेखीच्या प्रणालीने इशारा दिला होता: लोफ्री, म्हणजे मोकळी लोमेम, शून्य. ऐन त्रासाच्या दिवसांत मीच ती तपासणी लावली होती, मेमइन्फोतली लोफ्रीची ओळ वाचून ती ३० एमबीखाली गेली की फोन करायचा. ६४-बिट कर्नलच्या मेमइन्फोत ती ओळच नसते. स्क्रिप्टला काही सापडलं नाही, तिने ते शून्य धरलं, आणि दर पाच मिनिटांनी फोन करत राहिली. अंथरुणातूनच लॉगिन करून ती स्क्रिप्ट काढून टाकली.